पट्टा सोडायचा नाही

“कळलं का?” असं नेलिदा वॉर्डात कुणालाच विचारत नसे. कळलं का म्हटलं की माणूस मान हलवतो. मान हलवून घरी गेलेल्या आईबापांनी बिघडवून आणलेली प्लास्टरं तिने हाडांच्या वॉर्डात पुष्कळ पाहिली होती. म्हणून सगळं सांगून झालं की ती पलंगापासून दोन पावलं मागे सरकायची, हाताची घडी घालायची आणि म्हणायची, “आता मला करून दाखवा.”

त्या सकाळी समोर उभी होती ती आसांगारोकडच्या एका गावातली आई. तिची लेक छातीखालपासून घोट्यांपर्यंत प्लास्टरमध्ये होती. दोन्ही पाय बेडकासारखे फाकलेले, आणि ते तसेच राहावेत म्हणून दोन गुडघ्यांच्या मध्ये प्लास्टरमध्येच बसवलेली एक आडवी काठी. आज त्यांना घरी सोडायचं होतं.

“करू काय, सिस्टर?”

“उचल तिला. लंगोट बदलायला घेतेयस असं समज.”

बाईने हात पुढे केला आणि बादलीची कडी धरावी तशी सरळ ती काठीच धरली.

“थांब! इथेच चुकतात सगळे.” नेलिदाने तिचा हात हलकेच बाजूला केला. “दिसते मुठीसारखी, पण ती मूठ नाही. तिला धरून उचललंस तर प्लास्टर तडकेल आणि एवढ्या खटपटीने बसवलेला खुबा पुन्हा निसटेल. एक हात ढुंगणाखाली, एक मानेखाली. हां, अस्सं. जड आहे ना?”

“दगड झालाय दगड.”

“दगड बघायचेत तर इकडे ये,” पलीकडच्या पलंगावरून ग्रेगोरिया आजी ओरडली. तिची मांडी मोडली होती आणि पायाला वजनं टांगली होती. “आयुष्यभर बटाट्याची पोती मी तोलली, आता हे मला तोलतायत.”

बाया हसल्या. नेलिदाही हसली, पण उशिराने. ती ग्रेगोरिया आजीच्या अंगठ्याचं नख दाबून सोडून बघत होती, गुलाबी रंग परत येतो की नाही. आला. तिने पुन्हा दाबलं.

“सिस्टर, मघापासून तोच अंगठा दाबताय. अंगठा माझा आहे, दाराची बेल नव्हे. चित्त कुठंय तुमचं?”

“इथेच आहे की.”

“इथे कुठलं. घरी तान्हं आहे ना? तोंडावर दिसतंय.”

चित्त घरी होतं हे खरंच. उंच पठारावरच्या हुलियाका शहरात, त्या वाऱ्याने झोडपलेल्या पेठेमागे, पत्र्याच्या छपराच्या दोन खोल्यांत, सासूच्या मांडीवर. इयारी या वेळी काय करत असेल? जागी असेल की निजली असेल? निजली असेल तर कशी? आणि पट्टे?

इयारीला अंघोळ घालताना तो आवाज पहिल्यांदा नेलिदाच्याच हाताला लागला होता. कानाला नव्हे, हाताला. डावी मांडी बाजूला घेताना आत काहीतरी टकदिशी सरकलं. वॉर्डात डॉक्टरांच्या शेजारी उभं राहून तिने तो टक दुसऱ्यांच्या पोरांत ओळखला होता. आपल्या पोरीत ओळखला तेव्हा साबण हातातून सुटून परातीत पडला. डॉक्टर पारेदेसनी फोटो काढून तिला जे सांगितलं ते ती स्वतः शंभर आयांना सांगत आली होती. खुब्याची वाटी उथळ आहे, मांडीच्या हाडाचा गोळा तिच्यात नीट बसत नाही. मग त्यांनी मऊ पट्ट्यांचा तो साज चढवला. खांद्यांवरून छातीशी आणि छातीवरून पावलांशी जाणारे पट्टे, गुडघे वर आणि बाजूला धरून ठेवणारे. गोळा वाटीत टेकून राहिला की वाटी त्याच्याभोवती खोल होत जाते. तान्हेपणीच होतं ते. उशीर झाला की मग होत नाही.

उशीर झाला की काय होतं ते बघायला तिला वॉर्डातही जायची गरज नव्हती. बाजारात जावं. बदकासारख्या डुलत चालणाऱ्या बाया, तरण्या, म्हाताऱ्या. कुणी म्हणे लहानपणी पडले, कुणी म्हणे थंडी शिरली. तिची थोरली नणंद एदुविना तशीच चालायची. मेंढवाड्याच्या भिंतीवरून पडली होती म्हणे.

पट्टे चढवले त्याच दिवशी नेलिदाने वॉर्डातली युक्ती केली होती. प्रत्येक पट्टा जिथे चिकटतो तिथे न पुसणाऱ्या शाईची बारीक रेघ मारली, अर्धी वरच्या पट्ट्यावर, अर्धी खालच्या. कुणी सोडून पुन्हा लावला तर रेघेचे दोन तुकडे जुळायचे नाहीत. मग सासूला सांगितलं, “आई, पट्टा सोडायचा नाही. काही झालं तरी. अंग पुसायचं तर वरूनच पुसायचं. लंगोट पट्ट्यांच्या खालून. पण पट्टा सोडायचा नाही.”

सासूने, आसुंताने, मान हलवली होती.

आणि नेलिदा तेवढ्यावर कामावर निघून गेली होती. गाडी चुकत होती.

पाजणाऱ्या आयांना मिळते ती तासाभराची सूट घेऊन ती रोज लवकर घरी यायची. मोटारटॅक्सीवाल्याला घाई करायची. दारात पाऊल टाकलं की आधी हात धुवायची, मग रेघा बघायची. खांद्याची जुळली. छातीची जुळली. पावलांच्या दोन्ही जुळल्या. एकदाही रेघ चुकली नव्हती. उलट पोरगी शांत असायची, गाल तापलेले, उन्हात निजून उठल्यासारखी. एवढं असूनही नेलिदाच्या मनाला चैन पडत नसे. गुडघ्याच्या मागे बोट घालून बघ, मानेच्या घडीत बघ, तळव्यांचा रंग बघ. एकदा छातीच्या पट्ट्यावर, वेल्क्रोच्या काट्यांत लाल लोकरीचा भुरका अडकलेला दिसला. तिने चिमटीने काढला. सासूच्या शालीचा असेल.

“झालं का पोलिसाचं काम?” आसुंता चुलीपुढून म्हणायची. “पोरीला भूक लागलीय. आधी तिला पाज, पट्टे नंतर बघ.”

“बघते हो आई, नुसतं बघते.”

“बघ बघ. तुझ्या डोळ्यांनीच पोर आजारी पडायची एखाद दिवशी.”

मग त्या महिन्याची तपासणी झाली. डॉक्टर पारेदेसनी पोरीच्या खुब्यावर गार चिकट मलम लावून यंत्र फिरवलं, पडद्याकडे बघितलं, पुन्हा फिरवलं. नेलिदानेही बघितलं. तिला बघता येत होतं हेच वाईट होतं.

“बसत नाहीये,” ते म्हणाले. “पट्टे कायम असतात ना?”

“कायम, डॉक्टर. मी रेघा मारल्यात.”

“अंघोळीलाही काढत नाही?”

“नाही.”

“मग कोडंच आहे.” त्यांनी चष्मा काढला. ते वॉर्डातल्या आयांशी बोलत तसेच तिच्याशी बोलू लागले. “थोडे दिवस अजून देतो. पुढच्या तपासणीला गोळा वाटीत टेकलेला दिसला तर हेच चालू ठेवू. नाही तर भूल देऊन बसवायचा आणि प्लास्टर. त्यानेही धरलं नाही तर शस्त्रक्रिया. तुला काय सांगायचं, तुला माहीतच आहे.”

त्या संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला. एफ्राईन आरेकीपाच्या गाडीवर ड्रायव्हर होता. घाट उतरून धाब्यावर जेवायला थांबला की फोन करायचा.

“आईच काहीतरी करतात,” नेलिदा हळू आवाजात म्हणाली. पलीकडच्या खोलीत आसुंता चुन्यो, म्हणजे थंडीत सुकवलेले बटाटे, भिजत घालत होती.

“काय करते? रेघा जुळतात म्हणतेस ना रोज?”

“जुळतात.”

“मग? तुझ्याच रेघांवर तुझा भरवसा नाही?”

“मला नाही माहीत. पण काहीतरी होतंय.”

“नेली, आईने आम्हां सहा जणांना वाढवलं. माझे पाय वाकडे आहेत का?”

“तुझे नाहीत,” ती म्हणाली, आणि पुढचं बोलू नये असं वाटेपर्यंत बोलूनही गेली. “एदुविनाताईंचे?”

फोनवर नुसता ताटल्यांचा आवाज येत राहिला. मग एफ्राईन म्हणाला, “ती पडली होती,” आणि फोन ठेवला.

त्यानंतरचे दिवस नेलिदाने वॉर्डात कसे काढले तिचं तिला ठाऊक. औषधाची बशी एका पलंगावरून दुसऱ्या पलंगावर नेताना ती दोनदा नावं वाचायची. कुणाची कूस बदलताना मनात सासूचे हात दिसायचे. शेजारणीला फोन करून बघावं का? पण शेजारीण सासूची जिवाभावाची सखी, लगेच सांगायची. पाळणाघर? पट्टे चढवलेलं पोर कोण घेणार? नोकरी सोडावी? मग कर्जाचा हप्ता, घरभाडं... आणि सोडलीच, तर सासूला काय सांगायचं, की तुमच्यावर विश्वास नाही म्हणून घरी बसले?

एका सकाळी बंद पुकारलेला होता. पूल टायर जाळून अडवला होता, गाड्या नव्हत्या. मुख्य सिस्टर ओदिलियाने लहान मुलं असलेल्यांना निम्म्या पाळीतच सोडलं. नेलिदा चालत निघाली. दगडगोटे ओलांडत, धुरातून तोंडाला शाल लावून. वाटेत तिच्या लक्षात आलं, की या वेळी आपण कधीच घरी नसतो. मग ती चालायची थांबली आणि पळायला लागली. एवढ्या उंचीवर पळवत नाही कुणाला. छाती भात्यासारखी होऊन ती दारात पोचली.

अंगणात, भिंतीच्या आडोशाला, कोवळ्या उन्हात आसुंता बसली होती. मांडीवर एक गाठोडं. वरून फक्त इयारीचं तोंड दिसत होतं, लालबुंद, गाढ निजलेलं. मानेपासून खालपर्यंत घोंगडीत आवळून गुंडाळलेली, आणि त्यावरून फेऱ्यांवर फेरे घेत गेलेली चुंपी. आसुंताने नेलिदाच्या पोटात पोर असताना स्वतः विणलेली ती लांबलचक अरुंद पट्टी, लाल लोकरीची, मध्ये हिरव्या पाकळ्यांची. त्या मुलखात तान्ह्या पोराला चुंपीत बांधूनच निजवतात. म्हणजे हाडं सरळ होतात, पोर दचकत नाही, जीव अंगाबाहेर उडत नाही.

लाल लोकर.

“आई!”

“आलीस? बरं केलंस. बंद आहे म्हणे, मी म्हटलं ही येते कशी...”

“काय केलंत हे? पट्टे सोडलेत तुम्ही!”

“मी?” आसुंता उठलीच. पोर छातीशी धरून. “शपथ घेते बघ, एक बोट लावलं नाही तुझ्या पट्ट्यांना. सोडून बघ. बघ की!”

नेलिदा गुडघ्यांवर बसली आणि चुंपीचे फेरे उलगडू लागली. घोंगडी बाजूला केली. आत सगळे पट्टे जागच्या जागी होते. खांद्याची रेघ जुळलेली. छातीची जुळलेली. पावलांच्या जुळलेल्या. आणि गुडघे, जे बाजूला उघडे राहायला हवे होते, ते जोडलेल्या हातांसारखे एकमेकांना चिकटलेले. गुडघे असे जवळ आले की गोळा वाटीतून मागे सरकतो. आत पट्टे, बाहेर चुंपी, आणि मधल्या मध्ये रोज सरकत राहिलेलं ते हाड.

“बघितलंस?” आसुंता म्हणाली. “तू काय सांगितलंस? पट्टा सोडायचा नाही. सोडला का मी? तुझ्या डॉक्टरने आतून बांधलं, मी बाहेरून बांधलं. दोन बांधण्यांनी जास्त घट्ट बसेल का कमी?”

इयारीने आळस दिला, एक पाय झटकला आणि पुन्हा निजली.

“कधीपासून?” नेलिदाने विचारलं.

“पहिल्यापासून. सकाळी गारठा असतो, ती दचकते, हात उडवते. बांधलं की शांत निजते. दुपारी उन्हं तापली की जागी होते, मग सोडते. तू येतेस तेव्हा ती मोकळीच असते.”

“मला सांगितलं नाहीत?”

“तू विचारलंस कधी? घरात पाय टाकलास की आधी पट्टे बघतेस, मग पोरीकडे बघतेस, मग माझ्याकडे. माझ्यापर्यंत येईतो तुझं तोंड आंबट झालेलं असतं. त्या तोंडाला काय सांगायचं?” आसुंताचा आवाज चढला, मग एकदम उतरला. “काय झालं? चुकलं का काही?”

नेलिदा पोरीचे गुडघे हळूच बाजूला घेत होती. टक. हाताला लागलं.

चुकलं ते कुणाचं, हा प्रश्न तिला वॉर्डातल्या कुठल्याही पलंगाशी सोडवता आला असता. कुणी आई असं पोर घेऊन परत आली असती तर ओदिलिया सिस्टरनी आईला नव्हे, नर्सला बोलावून विचारलं असतं, करून दाखवायला लावलं होतंस का? आणि ती काय म्हणाली असती? की नाही, गाडी चुकत होती. की सासूला कसं म्हणायचं, करून दाखवा? सहा पोरं वाढवलेल्या बाईला?

“गुडघे जवळ यायला नकोत, आई,” ती म्हणाली. “पट्टे गुडघे लांब ठेवायला आहेत. बांधायला नाहीत. उघडे ठेवायला आहेत.”

आसुंताने पट्ट्यांकडे बघितलं. मग सुनेकडे. “मग तसं म्हणायचं ना,” ती म्हणाली. “बांधलेलं दिसतं, म्हणून मी आपलं बांधलं.”

त्या दिवसापासून चुंपी पेटीत गेली. पोर रात्री दचकून उठू लागलं, दिवसा किरकिरू लागलं. आसुंता तिला पाय उघडे ठेवून मांडीवर घेऊन बसायची आणि डोळे मिटून पुटपुटायची, जीव इथेच राहू दे, उडू देऊ नको. नेलिदा रेघा बघायची थांबली नाही. आता ती गुडघेही बघायची. वॉर्डात फोन घेऊन तासातासाला बाहेर जायची.

“उघडे आहेत,” पलीकडून आसुंता फोन उचलल्या उचलल्या सांगायची. “दाराएवढे उघडे आहेत. गाय जाईल आतून. ठेव आता.”

पण गेलेले दिवस गेलेले होते. तपासणीला आसुंताही आली, पाठीवर झोळी, डोक्यावर सणाची हॅट. डॉक्टर पारेदेसनी यंत्र फिरवलं. नेलिदाने पडद्याकडे बघायचंच नाही असं ठरवलं होतं. बघितलं. गोळा वाटीच्या काठावर होता, आधीपेक्षा जवळ, पण बाहेरच.

“प्लास्टर,” डॉक्टर म्हणाले.

नेलिदाने त्यांना सगळं सांगितलं. सासूसमोरच सांगितलं, आणि सांगताना “आईंनी” असं न म्हणता “मी नीट सांगितलं नाही” असं म्हणाली. आसुंता भिंतीकडे बघत उभी होती. डॉक्टर काही रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

बाहेरच्या बाकावर दोघी बसल्या. पोर नेलिदाच्या अंगावर पीत होती. आसुंता म्हणाली, “एदुविनाचंही हेच होतं का?”

नेलिदाने पोरीला दुसऱ्या अंगावर घेतलं.

“ती लहानपणापासून तशीच चालायची,” आसुंता म्हणाली. “पडली नव्हती ती. पडली असं आम्ही म्हणायचो. तिलाही मी चुंपीत बांधायची. सगळ्यांत घट्ट तिलाच बांधली. पहिली होती ना.”

“फोटो काढल्याशिवाय नाही सांगता यायचं, आई.” हे खरंही होतं आणि नव्हतंही. “बाकीच्या पाच जणांना कुठे काय झालं? काही पोरांची वाटी जन्मतःच उथळ असते.”

“हं,” आसुंता म्हणाली. “तू नर्स आहेस. नर्सा गोड बोलतात.”

इयारीला भूल देऊन आत नेलं तेव्हा नेलिदा कपडे बदलून आत जाऊ शकली असती. तिथल्या सगळ्यांना ती ओळखत होती. ओदिलिया सिस्टरने तिला दारातच अडवलं. “तू बाहेर.”

“सिस्टर, मी नुसती...”

“आज तू नर्स नाहीस. आई आहेस. आया बाकावर बसतात.”

बाकावर बसून तिने नखं खाल्ली. शाळेपासून सोडलेली सवय. आसुंताने झोळीतून उकडलेला बटाटा काढून तिच्या हातावर ठेवला. तिने तो नुसता धरून ठेवला, गार होईपर्यंत. ग्रेगोरिया आजी काठ्यांवर चालायला लागली होती. ती सरकत सरकत आली, दोघींकडे बघितलं आणि म्हणाली, “काय गं, सासूसून एका बाकावर? बंद संपला वाटतं.” आणि तिथेच भिंतीला टेकून उभी राहिली.

पोर बाहेर आली ती पांढरीशुभ्र, छातीखालपासून घोट्यांपर्यंत, पाय फाकलेले, मध्ये ती काठी. डोळे उघडून रडू लागली तेव्हा आवाज घोगरा होता. डॉक्टर पारेदेस म्हणाले, “आत बसलाय. छान बसलाय. आता हलू द्यायचा नाही. प्लास्टर एकदा बदलू, मग बघू. चालायला लागेल तेव्हा कळेल.”

चालायला लागेल तेव्हा. म्हणजे तोपर्यंत रोज ही धास्ती.

घरी सोडायच्या दिवशी ओदिलिया सिस्टर स्वतः आली. तिने दोघींना पलंगाशी उभं केलं. बोटं थंड पडली, निळी पडली, सुजली तर काय करायचं, ते सांगितलं. लहान लंगोट प्लास्टरच्या आत कसा खोचायचा, मोठा वरून कसा लावायचा. काठावर पट्टी. आत वास आला तर. कूस कधी बदलायची. नेलिदाला हे सगळं झोपेत म्हणता आलं असतं. ती खाली मान घालून ऐकत होती.

मग ओदिलिया सिस्टर दोन पावलं मागे सरकली आणि तिने हाताची घडी घातली. “आता करून दाखवा.”

नेलिदाने लंगोट घेतला. जे हात रोज दुसऱ्यांच्या पोरांचं करत होते ते कडेच्या पट्टीवर अडखळले, लंगोट दुमडला, पुन्हा काढावा लागला. इयारी रडत होती. आसुंताने वाकून तिच्या तोंडाशी तोंड नेलं, काहीतरी पुटपुटली आणि पोर हुंदके देत थांबली. तेवढ्यात नेलिदाचं खोचून झालं.

“आता उचला,” ओदिलिया सिस्टर म्हणाली. “दिवसभर कोण सांभाळणार आहे?”

“मी,” आसुंता म्हणाली, आणि मग सुनेकडे बघितलं.

हा क्षण येणार हे नेलिदाला माहीत होतं. त्याचा विचार करतच तिने सगळे दिवस काढले होते. तिची आई दूर होती. नोकरी सोडता येण्यासारखी नव्हती. आणि त्याहून मोठं म्हणजे, इयारी आत्ता ज्या तोंडाकडे बघून थांबली होती ते तिचं नव्हतं.

“आई सांभाळणार आहेत,” ती म्हणाली. “आई, दाखवा ना, तुम्ही कसं उचलाल?”

आसुंता पुढे झाली. तिचा हात सरळ त्या काठीकडे गेला. नेलिदाच्या तोंडात “नको” आलं होतं. तिने ते गिळलं. हात हवेत थांबला. आसुंताने काठीकडे बघितलं, ती कुठून कुठे जाते ते बोटाने हवेतच रेखून बघितलं.

“ही पकडायला नाही ना?” तिने विचारलं. “ही पण उघडं ठेवायलाच आहे.”

“हो.”

“तसंच वाटलं.” तिने एक हात ढुंगणाखाली सरकवला, एक मानेखाली, आणि कण्हत उचललं. “अगं आई गं! ही तर बैलगाडी झाली.” पोर तिच्या छातीशी पांढऱ्या बेडकासारखी लागली. आसुंताने तिला परत ठेवलं, कंबर धरली आणि पाठीवरची झोळी सोडली. आतून लाल लोकरीची चुंपी बाहेर आली.

पेटीतली चुंपी इथे कशाला आणली? नेलिदाचा हात पोरीकडे गेला, आपोआप, आडवा.

आसुंताने तो बघितला. चुंपीचं एक टोक तिने स्वतःच्या पोटावर दाबून धरलं आणि दुसरं टोक सुनेच्या हातात दिलं. “धर. ओढ चांगलं. एवढं वजन दिवसभर उचलायचं तर माझी कंबर आवळलेली हवी.”

नेलिदा तिच्याभोवती फिरली. एक फेरा, मग दुसरा. हिरव्या पाकळ्या आसुंताच्या कमरेवर एकीखाली एक येत गेल्या.

“घट्ट झालं का?” नेलिदाने विचारलं, आणि लगेच म्हणाली, “नको, तुम्ही वाकून दाखवा.”

आसुंता वाकली. पोरीला उचललं, एक हात ढुंगणाखाली, एक मानेखाली. नेलिदाने बाहेर आलेल्या इवल्या बोटांपैकी एकाचं नख दाबून सोडलं. पांढरं झालं. गुलाबी झालं. तिने पुन्हा दाबलं.

“झालं की आता,” आसुंता म्हणाली. “चल. उन्हं आहेत तोवर घरी पोचू.”